पिंपामागची बाई

१४ सप्टेंबर

वाइनचं मोठं पिंप गेलं! गेलं म्हणजे — उभ्याचं खाली बसलं. मी आणि शेजारचा इव्हानो द्राक्षतोडणीच्या आधी तळघर धुवून काढत होतो. इव्हानोने पिंपाला नुसता हात टेकवला. वरची लोखंडी पट्टी सुटून खणखणत खाली आली, मग दुसरी, आणि मग सगळ्या फळ्या एकेक करत बाहेर कलंडल्या. धूळ, कोळिष्टकं, जुना आंबूस वास. धुळीतून इव्हानोचा आवाज — "मी काही केलं नाही हं, एर्सिलियाताई!"

धूळ बसली. मी दिवा वर धरला.

भिंतीवर एक बाई होती. रंगवलेली. कोपर टेकून कुशीवर पहुडलेली, हातात प्याला.

आमच्याकडेच बघत होती.

१५ सप्टेंबर

मी कांदे आणायला तळघरात गेले. मामंजी खिळे शोधायला. मी पुन्हा कांदे आणायला.

१७ सप्टेंबर

आमचं तळघर म्हणजे मुळात थडगंच. त्यात नवल नाही — या गावात सगळ्यांचीच तळघरं थडगी आहेत. रोमनांच्याही आधी इथे राहणाऱ्या एत्रुस्कन लोकांनी तांबूस दगड कोरून केलेली. कुणी त्यात बटाटे ठेवतं, कुणाचं गाढव असतं, आमची वाइन. दोन्ही भिंतींना दगडी बाज आहे, जिथे त्यांचे मेलेले निजायचे. तिथे आमचे काचेचे बुधले ओळीने बसलेले असतात. समुद्राकडून लग्न होऊन इथे आले तेव्हा खाली उतरायची भीती वाटायची. माझा नवरा, रेन्झो, म्हणायचा, "अगं, मेलेल्यांनी आमची वाइन एकदाही चोरली नाही. शेजाऱ्यांनी चोरलीय."

पण चित्र? चित्र गावात कुणाकडेच नाही.

ते पिंप मामंजींना आठवतं तेव्हापासून तिथेच. त्यांचे वडील, एजिस्तो, कुणाला जागचं हलवू द्यायचे नाहीत. घासायचं ते आत उतरून, बाहेरून हात लावायचा नाही. का? "बाप म्हणाला म्हणून," मामंजी म्हणतात. मग मुलाने तेच केलं, नातवाने तेच केलं.

निळा झगा आहे तिचा. केस वर बांधलेले, मान लांब. ओठांना लाल. ती बाजेच्या एका कडेला आहे, आणि शेजारची जागा मोकळी. नुसती भिंत. जणू कुणीतरी आत्ता उठून वाइन आणायला गेलंय.

इव्हानोचं मत ठरलेलं: "चुना मारा आणि मोकळे व्हा. पुरातत्त्व खात्याला कळलं तर तळघराला कुलूप. मग वाइन काय न्हाणीघरात आंबवणार?"

"आणि अडीच हजार वर्षांची असली तर?"

"मग दोन हात मारा चुन्याचे!"

मामंजी वर आले, स्वयंपाकघरातली त्यांची वेताची खुर्ची उचलली आणि पायऱ्या उतरून गेले.

२० सप्टेंबर

मामंजी तिच्याशी बोलतात! मी जिन्यावरून ऐकलं. "यंदा पाऊस उशिरा आला, बाईसाहेब. साल जाड झालीय. पण गोडी आहे."

मी मुद्दाम पाय वाजवत खाली उतरले. म्हटलं, "मामंजी, माझ्याशी इतकं कधी बोलला नाहीत."

"तू उत्तर देतेस," म्हणाले.

मामंजी — सेत्तिमिओ — म्हणजे मौनी बाबा, असं सगळं गाव म्हणतं. रेन्झो गेला तेव्हाही या माणसाने एक शब्द काढला नव्हता. नुसते वेली छाटत बसले होते. छाटायचा महिना नसताना. तेव्हा लिव्हिया म्हणाली होती, आई, तू आता माझ्याकडे तोरिनोला ये. अजूनही दर फोनला म्हणते. मी म्हणते, तोडणी होऊ दे. दर वर्षी तोडणी होते.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात मी त्या बाजेवर होते, बाईच्या शेजारी. रेन्झो पलीकडे. कुणाला भूक नव्हती. कुणी मला, भाकर आण, म्हणालं नाही. छतावरून द्राक्षं लोंबत होती आणि त्यांच्यातून पाण्यासारखा उजेड गळत होता. जाग आली तरी बराच वेळ मी डोळे उघडले नाहीत.

२४ सप्टेंबर, रविवार

मामंजी सकाळी धुतलेला सदरा घालून दारात उभे. "एर्सी, मला त्या दुसऱ्या बायका दाखव."

म्हणजे तारक्विनियाच्या. जन्म या मुलखात गेला, पण त्यांनी ती रंगीत थडगी पाहिलेली नाहीत! तिकिटाच्या खिडकीशी भांडले — "मेलेल्याकडे जायला तिकीट?" मग मीच काढलं. आत शिरताना म्हणाले, तरुणपणी त्यांचे वडील इथे कामाला यायचे. रोमहून एक चित्रकार भिंतींची नक्कल उतरवायला आला होता, त्याला दिवा धरायला आणि रंग घोटायला. "बाप सांगायचा, एकदा खाली उतरलं की वर यावंसं वाटत नाही."

पठारावर वारा होता. गवत पिवळं. समुद्र लांब, पुसल्यासारखा. प्रत्येक थडग्यावर छोटी खोपटी, आत उंच पायऱ्या, खाली काचेचं दार. बटण दाबलं की दिवा लागतो. थोड्या वेळाने आपोआप विझतो. मग अंधारात आपलाच श्वास.

आणि दिवा लागला की — काय सांगू! मेजवानी चाललेली. जोडपी एकाच बाजेवर पहुडलेली, एकाच पांघरुणात. पोरं सुरई घेऊन धावताहेत. बासरीवाला गाल फुगवून उभा. नाचणारीचा पाय अजून जमिनीला लागलेला नाही. बायकांच्या हातात प्याले, नवऱ्यांच्या बरोबरीने. कुणाच्या चेहऱ्यावर मरण म्हणून नाही.

शेजारी एक बाई सहलीला आलेल्यांच्या घोळक्याला सांगत होत्या, की ग्रीक लोक या बायकांना नावं ठेवायचे. पुरुषांच्या शेजारी आडव्या होऊन पितात म्हणून.

मामंजी मोठ्याने म्हणाले, "मग काय तिने उभं राहून वाढत बसायचं?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. लग्न झाल्यापासून मी चूल ते टेबल, टेबल ते चूल. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

शेवटच्या थडग्यात त्यांनी काचेला नाक लावलं. "वास नाही, एर्सी. वाइन ओततायत आणि वास नाही."

परतताना गाडीत — "पण रंग बघितलेस? काल दिल्यासारखे."

२६ सप्टेंबर

मामंजींच्या सदऱ्याच्या बाहीला निळं लागलंय. भिंतीला टेकलो नाही म्हणतात. टेकलेच असणार, किंवा हात लावला असणार.

सदरा भिजवला तर घमेल्यातलं पाणी आभाळासारखं झालं. मोरीत ओतवेना. वेलीच्या बुडाशी ओतलं.

३ ऑक्टोबर

तोडणी. हात काळे, केस चिकट, कंबर तुटली. तरी हा एकच आठवडा असा की मला कुठेच जावंसं वाटत नाही.

आमच्या वेली अजून झाडांवर चढतात, जुन्या पद्धतीने. वेलीचं झाडाशी लग्न लावलंय, असं म्हणतात इथे. बाकी सगळ्यांनी कधीच तारा ताणल्या, यंत्रं आणली. मामंजींनी नाही. त्यामुळे शिडी लावून वर चढायचं आणि पानांत डोकं घालायचं. आत हिरवा अंधार, गांधीलमाश्यांची गुणगुण, आणि घोस गालाला लागतात — गार. खालून इव्हानो ओरडतो, "ताई, झोपलात का वर?" खरं तर झोपलेच होते. उभ्याने.

मामंजी चौऱ्याऐंशीचे. उतरा म्हटलं, ऐकत नाहीत. नाझारेनामावशी — इव्हानोची आजी, त्यांच्याहूनही म्हातारी — आपल्या खिडकीतून हाका मारत होती, "सेत्तिमिओ, पडलास तर मी उचलायला येणार नाही हो!" मावशीचे गुडघे गेलेत. खिडकी हेच तिचं जग. तळघरातल्या बाईचं तिला सांगितलेलं नाही. तिला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं.

रस पिंपांत पडला. आता खाली रात्रंदिवस खदखद चालू राहील.

७ ऑक्टोबर

झालं ते लिहून ठेवते.

रस आंबून उकळ्या मारत असतो तेव्हा तळघरात मेणबत्तीशिवाय उतरायचं नाही. रसातून जी वाफ निघते ती जड असते, तळाला साचते, वास नाही, रंग नाही. मेणबत्ती विझली की माघारी फिरायचं. हे इथल्या पोरांना चालायला लागण्याआधी शिकवतात. मामंजींनी मला शिकवलं.

दुपारी जेवायला हाक मारली. उत्तर नाही. अंगणात नाहीत, वेलींत नाहीत. तळघराचं दार उघडं. त्यांची मेणबत्ती खिळ्यालाच टांगलेली.

मी ती पेटवून उतरले. अर्ध्या जिन्यावर ज्योत बारीक झाली, निळी झाली, गेली.

श्वास कोंडून खाली पळाले. मामंजी दगडी बाजेवर! बुधले बाजूला सारून नीट कुशीवर निजलेले, तिच्याकडे तोंड करून. ओठांवर हसू. बगलेत हात घालून ओढलं. छाती फुटायला आली. जिन्यावर पोचून किंचाळले तेव्हा इव्हानो कुंपणावरून उडी मारून आला. दोघांनी मिळून त्यांना उन्हात आणून टाकलं.

खोकले. ओकले. मग डोळे उघडून म्हणाले, "का उठवलंस?"

मी त्यांच्या थोबाडीत मारली. सासऱ्याच्या! इव्हानो तोंड उघडं टाकून उभा. मग मी तिथेच गवतात बसून रडले, आणि मामंजी माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. जणू गुदमरले होते ते नव्हे, मीच.

८ ऑक्टोबर

डॉक्टर येऊन गेले. निजून राहा म्हणाले. मी भाज्यांचं पातळ सार केलं, वर अंडं सोडलं. मामंजींनी पाव बुडवून बुडवून सगळं संपवलं आणि भिंतीकडे बघत बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"मला तिथे श्वास घेता येईना. ती कशी घेत असेल? दर वर्षी आपण तिला गुदमरवतोय, एर्सी. वरून मी हात लावून रंग पुसतोय. त्यांना बोलव. खात्याच्या लोकांना."

"तळघर जाईल, मामंजी."

"जाऊ दे."

"आणि वाइन?"

"ही निवळू दे. मार्टिनच्या सणाला पिऊ. मग बोलव." पांघरूण वर ओढलं. "माझ्या घरात बायका टिकल्या नाहीत. आई मी मांडीवर असताना गेली. तिचा फोटोसुद्धा नाही, चेहरा ठाऊक नाही मला. बापाने तिचं नाव काढू दिलं नाही. मग माझी बायको, क्लेलिया, गेली. तूही तोरिनोला जाशील. ही एक तरी राहू दे कुठेतरी, काचेत का होईना."

मी म्हटलं, "मी कुठे जातेय?" — आणि आपण खरं बोललो की खोटं, तेच मला कळेना.

११ नोव्हेंबर

संत मार्टिनचा दिवस. नवी वाइन उघडायची.

मी वर टेबल मांडलं होतं. भाजलेले चेस्टनट, मेंढीच्या दुधाचं चीज, वाइनमध्ये मळलेली, कड्यांच्या आकाराची कडक बिस्किटं. मामंजी आले आणि एकेक ताट उचलून खाली न्यायला लागले. बुधले आधीच हलवले होते. दोन्ही दगडी बाजांवर घरातल्या गाद्या घातल्या होत्या! माझ्या पलंगावरचीसुद्धा!

"निज," म्हणाले.

"काय?"

"आडवी हो. तिच्यासारखी. वाढणार मी."

इव्हानो हसून लोटपोट. पण मामंजी हसत नव्हते. मी बूट काढले. कोपर टेकलं. दगड गादीतूनही गार लागत होता. मामंजींनी पिंपाची तोटी सोडली, सुरई भरली आणि पहिला प्याला — पहिला! — माझ्या हातात दिला. स्वतः उभे राहिले. ताट पुढे केलं, चेस्टनट सोलून दिले. हात भाजत होते तरी. दुसरा प्याला इव्हानोने वर नेला, खिडकीतल्या मावशीला. तिची तक्रार आली, एवढासा काय पाठवलाय.

वाइन अजून अल्लड होती. जिभेवर टोचत होती. वर पाचोळ्याचा वास, खाली लोखंडाचा. मेणबत्त्या स्थिर. भिंतीवरची बाई प्याला उचलून, मी प्याला उचलून. कितीतरी वेळ आम्ही दोघी तशाच. मला वाटलं, रेन्झो त्या मोकळ्या जागेत बसलाय आणि कंटाळलेला नाही. वाटलं, वर काही नाहीच — रस्ता, फोन, तोरिनो — जे आहे ते इथेच, या उजेडाएवढं.

मामंजींनी बाजेच्या टोकाला टेकून हलक्या आवाजात गाणं म्हटलं. शब्द विसरले की गुणगुणत होते. आवाज चांगला आहे त्यांचा! कुणालाच माहीत नव्हतं.

१५ नोव्हेंबर

खात्याच्या कोर्सेत्तीबाई आल्या. रबरी बूट, कपाळावर दिवा, हळू बोलणं. भिंतीसमोर खूप वेळ उकिडव्या बसल्या.

"सुंदर आहे," एवढंच म्हणाल्या.

रंगाचे कण खरवडून नळ्यांत घेतले. तपासून सांगते म्हणाल्या, तोवर आत कुणी जायचं नाही. वाइन इव्हानोच्या तळघरात हलवली. मामंजींनी किल्ली कमरेची सोडून त्यांच्या हातात ठेवली.

"काच लावाल?"

"बघू या, आजोबा."

मामंजी घरात आले आणि बूट न काढता पलंगावर आडवे झाले.

१९ नोव्हेंबर

घराला वाइनचा वास येत नाही. कुणा परक्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतं.

२२ नोव्हेंबर

कोर्सेत्तीबाई परत आल्या. आधी कॉफी नको म्हणाल्या, मग घेतली, मग साखर ढवळतच राहिल्या.

"कसं सांगू. निळा रंग कारखान्यातला आहे. डब्यात विकत मिळायचा तो. खालचा गिलावा साध्या चुन्याचा. थडगं खरं आहे, आजोबा. पण चित्राला शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत." मग चाचरत — "घरात कुणी चित्रं काढायचं का?"

"आमच्या घरात?" मामंजी म्हणाले. "आमच्या घरात वेली छाटतात."

आणि हसले. मला ते हसू आवडलं नाही. बाई किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. इव्हानोला आनंद — "चला, वाइन माहेरी!" मामंजी खिडकीशी उभे.

"कुणीतरी थट्टा केली, आणि मी म्हातारा तिला बाईसाहेब, बाईसाहेब करत बसलो. तिच्यापायी मरत होतो! चुना कालव, एर्सी. उद्या मारून टाक."

"मामंजी, राहू दे ना. मला आवडते ती."

"मला बघवणार नाही."

चुना कालवून ठेवलाय. बादलीवर झाकण घातलंय. हात होणार नाही माझा.

२३ नोव्हेंबर

इव्हानोने मावशीला सगळं सांगून टाकलं. मग ती हटूनच बसली — चुना मारण्याआधी मला दाखवा! त्याने तिला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. मी दिवा धरला. मामंजी जिन्यावरच थांबले, पाठ करून.

मावशीने डोळे बारीक केले. मग पदराशी चाळा करावा तशी शाल चाचपत राहिली.

"अगं बाई, ही तर दोमितिल्ला! हुबेहूब. अशीच मान वळवायची. मी दहा वर्षांची होते ती गेली तेव्हा. एजिस्तो वेडापिसा झाला होता, महिनोन् महिने तळघरातून वर येईना. हे करत होता होय तो! — सेत्तिमिओ, तिकडे काय बघतोस? इकडे ये. तुझी आई आहे."

मामंजी वळले. एकेक पायरी उतरले. तिच्यासमोर उभे राहिले.

"एर्सी, ही तर आपल्या लिव्हियाहून लहान आहे."

मग तिच्यावरची नजर न काढता — "मावशी, मला काय म्हणून हाक मारायची ती?"

"चिकटू. कडेवरून खाली उतरायचाच नाहीस."

मामंजी तिथेच जमिनीवर बसले, चौऱ्याऐंशी वर्षांचे, आणि त्यांनी भिंतीला गाल टेकवला. निळं लागलं तर लागू दे.